कर्नल बांधा, पण गाठोडे बांधायला विसरू नका



या वेळचे शीर्षक वाचून आमच्या घरची आणि गावाकडची मंडळी लगेच पान मिटवतील, हे मला ठाऊक आहे. "नानांनी परत कॉम्प्युटरचं काहीतरी काढलं!" असे म्हणाल. तरी पाच मिनिटे थांबा. विषय संगणकाचा असला तरी मुद्दा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. एकाने केलेले काम त्याच्या माघारी दुसऱ्याला पुढे चालवता आले पाहिजे की नाही, एवढाच तो मुद्दा.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांना तयारीला वेळ मिळेल. लिनक्सचे कर्नल स्वतः बांधणे हा फार चांगला अभ्यास आहे, आणि कॉलेजातल्या मुलांनी तो एकदा तरी करावा. पण असे बांधलेले कर्नल पॅकेज न करता, त्याची कागदपत्रे न ठेवता दुसऱ्याच्या संगणकात घालून देणे हा मला बेजबाबदारपणा वाटतो. शाळेच्या संगणकात तर अधिकच.

ज्यांना कर्नल म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण वापरतो ते कार्यक्रम आणि संगणकाचे प्रत्यक्ष भाग, म्हणजे डिस्क, कीबोर्ड, पडदा, यांच्या मध्ये बसून सगळ्यांची कामे मार्गी लावणारा जो मूळ कार्यक्रम, तो कर्नल. शाळेतल्या हेडक्लार्कसारखा. दिसत कुठेच नाही, पण तो रजेवर गेला की शाळा ठप्प! लिनक्सचे कर्नल १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतले. पुढच्याच वर्षी ते जीपीएल परवान्याखाली आले आणि मूळ मजकूर कुणालाही वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळा झाला. आज तो मजकूर तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे, आणि बांधण्यापूर्वी निवडायचे पर्यायच दहा हजारांहून अधिक आहेत.

आता डेबियन, उबुंटू यांसारखी वितरणे जे कर्नल देतात ते पंगतीच्या स्वयंपाकासारखे असते. कुणाच्या घरी कोणते यंत्र असेल सांगता येत नाही, म्हणून बहुतेक सर्व यंत्रांचे ड्रायव्हर मॉड्यूल करून त्यात दिलेले असतात. स्वतः बांधलेले कर्नल म्हणजे घरचा स्वयंपाक. आपल्याला हवे तेवढेच, हवे तसे. ज्याला पथ्य आहे त्याला घरचेच लागते, हे मान्य. एखाद्या यंत्रासाठीची दुरुस्ती नव्या आवृत्तीत आली आहे पण आपल्या वितरणात अजून पोचलेली नाही, हे एक खरे कारण. कुणी पॅच पाठवून "हे तुमच्याकडे चालते का पाहा" असे विचारले, हे दुसरे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२ बिटी पीसींसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही, तेव्हा अशा पीसीवर ते चालवायचेच असेल तर कर्नल स्वतः बांधावे लागेल, हे तिसरे.

"संगणक वेगात चालावा म्हणून" हे कारण मात्र मला पटत नाही. न लागणारी मॉड्यूले डिस्कवर नुसती पडून असतात. ती स्मृतीत येतातच कुठे, की त्यांच्यामुळे यंत्र मंद व्हावे?

हे सगळे मी पुस्तकातून बोलत नाही. २०१६ साली एका गावच्या शाळेत घडलेली गोष्ट सांगतो. शाळेचे आणि माणसांचे नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

त्या शाळेला बारा जुने संगणक देणगी मिळाले होते. गावातल्याच एका इंजिनिअरिंगच्या मुलाने दोन उन्हाळी सुट्या घालवून त्यांवर लिनक्स बसवले होते. मुलगा हुशार, आणि एक पैसा न घेता केलेले काम. त्याने बाराही यंत्रांसाठी स्वतः कर्नल बांधले, तयार झालेली फाइल आणि मॉड्यूले हाताने कॉपी केली, जागा वाचावी म्हणून वितरणाचे मूळ कर्नल आणि बांधणीचे फोल्डर पुसून टाकले. मग त्याला नोकरी लागली आणि तो परगावी गेला. त्यात त्याचे काही चुकले असे कोण म्हणेल? मुले टंकलेखन शिकत होती, चित्रे काढत होती. सगळे छान चालले होते.

पुढे दहावीच्या मुलांनी प्रकल्प टाईप केले. छापायचे तर तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे न्यायला हवेत. पेनड्राईव्ह लावला तर त्याचा दिवा लागायचा, पण पडद्यावर काहीच यायचे नाही. एका यंत्रावर नाही, बाराही यंत्रांवर नाही! शाळेतल्या बाईंनी मला फोन केला, कारण "सर, तुम्हाला त्यातलं कळतं." मी माझ्या भाच्याला घेऊन गेलो. तो पुण्यात याच क्षेत्रात काम करतो.

भाच्याने ‘डीमेसेज’ हा हुकूम दिला, म्हणजे कर्नलची रोजनिशीच. त्यात नवे यूएसबी साधन जोडले गेल्याची नोंद होती. म्हणजे तार ठीक, भोक ठीक, पेनड्राईव्ह ठीक. पण त्यापुढे ‘यूएसबी-स्टोरेज’ची जी ओळ यायला हवी ती नव्हती. ते मॉड्यूल हाताने बोलावून पाहिले तर उत्तर आले, असे मॉड्यूलच नाही. भाचा हसला आणि म्हणाला, "मामा, त्याने लोकलमॉडकॉन्फिग केलं असणार."

ही भानगड आम्हा शिक्षकांना चटकन कळेल. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ हा हुकूम त्या क्षणी संगणकात जी मॉड्यूले जागी आहेत तेवढ्यांचीच यादी करतो आणि बाकीची वगळतो. बांधणी पाच तासांऐवजी अर्ध्या तासात होते, म्हणून लोकांना तो आवडतो. पण हे म्हणजे आज वर्गात हजर असलेल्या मुलांचीच नावे पटावर ठेवून गैरहजर असलेल्यांना शाळेतून काढून टाकण्यासारखे झाले. त्या दिवशी पेनड्राईव्ह लावलेला नव्हता, म्हणून त्याचे नाव पटावरून गेले. हा हुकूम देण्यापूर्वी आपल्याकडची सगळी साधने एकदा जोडून घ्यायची असतात.

आता साधा उपाय काय? बांधणीच्या वेळची ‘.कॉन्फिग’ फाइल घ्यायची, एक पर्याय चालू करायचा, पुन्हा बांधायचे. पण फाइल कुठे होती? फोल्डर पुसलेले. ‘/बूट’मध्ये प्रत ठेवलेली नाही. चालू कर्नलच्या पोटातून कॉन्फिग वाचता येईल अशी एक सोय असते, तीही वगळलेली. त्या मुलाला फोन लावला. बिचारा मनापासून मदत करायला तयार होता, पण दोन वर्षांपूर्वी दहा हजार पर्यायांतले कोणते निवडले होते हे कुणाच्या लक्षात राहील?

भाच्याने आपला लॅपटॉप प्रयोगशाळेच्या लॅनला जोडला, कारण ती एक वाट चालू होती, आणि सरळ वितरणाचेच कर्नल सर्व यंत्रांवर घातले. दहा यंत्रे उत्तम चालू लागली. वेगात फरक मुलांनाही जाणवला नाही आणि बाईंनाही. मग त्या दहा यंत्रांसाठी वेगळे कर्नल बांधायचे कारणच काय होते?

दोन यंत्रांवर मात्र पडदा काळाच राहिला. म्हणजे त्या मुलाच्या खटाटोपाला कारण होते! पण ते लिहून ठेवलेले नव्हते. सुदैवाने एक खूण सापडली. त्याच्या कर्नलचा आवृत्ती क्रमांक वितरणाच्या क्रमांकाहून पुढचा होता. भाच्याने ताडले की नव्या आवृत्तीत त्या पडद्याच्या चिपची दुरुस्ती आलेली असणार. वितरणाचे कॉन्फिग पायाला घेऊन त्याने नवी आवृत्ती बांधली, तिचे पॅकेज केले आणि त्या दोन यंत्रांवर बसवले. पडदे उजळले. पण त्यात त्याची दोन संध्याकाळ आणि एक रविवार गेला, आणि मुलांच्या प्रकल्पांची तारीख टळून गेली होती. तीन मुलींनी सगळा प्रकल्प पुन्हा हाताने लिहून दिला होता. एका ओळीची टीप असती तर हे पाच मिनिटांचे काम होते, म्हणून ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता पॅकेजचा मुद्दा. गावाकडे सामान न्यायचे तर आपण मोकळे नेत नाही, गाठोडे बांधतो आणि वर चिठ्ठी लावतो. डेबियन कुळातल्या संगणकावर हे गाठोडे म्हणजे ‘डेब’ फाइल. कर्नलच्या मूळ मजकुरातच त्याची सोय आहे. ‘मेक बिनडेब-पीकेजी’ एवढा हुकूम दिला की बांधणीही होते आणि गाठोडेही तयार होते. फेडोरा कुळासाठी ‘मेक बिनआरपीएम-पीकेजी’ आहे. म्हणजे "पॅकेजिंगला वेळ कुणाला आहे?" ही तक्रार टिकत नाही.

त्याने मिळते काय? एक, कोणती फाइल कोणत्या पॅकेजची हे संगणकाला कळते आणि नको झाले की एका हुकमात सगळे स्वच्छ निघून जाते. दोन, पॅकेज बसताना प्रारंभिक फाइलसंच, म्हणजे इनिटरामएफएस, आपोआप तयार होतो आणि ग्रबची यादीही नवी होते. तीन, कॉन्फिगची प्रत ‘/बूट’मध्ये आपसूक ठेवली जाते. आमच्या शाळेची निम्मी रड इथेच संपली असती! चार, हेडर्सचे वेगळे पॅकेज बनते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसारखी बाहेरची मॉड्यूले डीकेएमएसमार्फत बांधायची तर हेडर्स लागतातच. पाच, एका ठिकाणी बांधून तशाच बारा यंत्रांवर नेता येते.

फक्त ‘लोकलव्हर्जन’ या पर्यायात आपली खूण घालावी, उदाहरणार्थ ‘-शाळा१’. नाहीतर दोन कर्नलांची मॉड्यूले एकाच फोल्डरवर हक्क सांगू लागतात आणि गोंधळ होतो.

आता वाटेत अडखळायला होते त्याविषयी, कारण अनेक जण पहिल्या अडथळ्यालाच पॅकेज सोडून देतात. मी चाळीस वर्षे वह्या तपासल्या. मुलांना उत्तर येत नाही त्याहून जास्त वेळा प्रश्नच नीट वाचलेला नसतो. इथेही तेच. लोक पडद्यावरची शेवटची ओळ उचलतात. ती असते ‘एरर २’. तिच्यात काहीही माहिती नसते. का? कारण मेक हा कार्यक्रम आतल्या फोल्डरांसाठी पुन्हा मेकलाच बोलावतो. मैदानावर पोरगे पडले, मॉनिटरने वर्गशिक्षकांना सांगितले, वर्गशिक्षकांनी हेडमास्तरांना सांगितले, आणि आपण हेडमास्तरांच्या तोंडून ऐकतो की "काहीतरी झाले आहे." पोरगे कुठे पडले हे पाहायला वर जायला हवे. शिवाय ‘-जे८’ लावून आठ कामे एकदम चालवली असतील तर एक पडल्यावरही बाकीची थोडा वेळ बोलत राहतात आणि खरी चूक वर सरकते. अशा वेळी नुसते ‘मेक’ पुन्हा चालवावे. झालेले काम पुन्हा होत नाही, आणि अडलेली जागा एकटीच समोर येते.

वरचेवर भेटणारे काही अडथळे सांगतो.

उबुंटूचे कॉन्फिग उचलून बांधायला घेतले की ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून गाडी अडते आणि पुढे ‘कॅनॉनिकल-सर्ट्‌स’ नावाच्या फाइलचा उल्लेख येतो. त्या कॉन्फिगमध्ये वितरणाच्या प्रमाणपत्राचा पत्ता असतो आणि ती फाइल आपल्याजवळ नसते. ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ आणि ‘सिस्टिम रिव्होकेशन कीज’ हे दोन पर्याय रिकामे केले की काम पुढे जाते. डेबियनच्या कॉन्फिगबाबतही फाइलचे नाव वेगळे, दुखणे तेच.

कधी ओपनएसएसएलची किंवा एल्फची हेडर फाइल सापडत नाही. ‘लिबएसएसएल-डेव्ह’ आणि ‘लिबएल्फ-डेव्ह’ बसवा. फ्लेक्स, बायसन आणि बीसी ही साधनेही लागतात. बीटीएफच्या नावाने ओरड झाली तर पाहोल नावाचे साधन नाही असे समजावे. नाव मराठीच वाटते, नाही का? नीट पाहाल तर सापडेल!

डिस्क भरते. वितरणाच्या कॉन्फिगमध्ये डीबगची माहिती चालू असते, तिच्यासह बांधले तर वीस जीबीही सहज लागतात आणि ‘डीबीजी’ नावाचे एक अगडबंब पॅकेज तयार होते. आपल्याला ती माहिती नको असेल तर बंद करावी.

बांधणी झाली, पण सुरू होताना कर्नल ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून गळून पडते. याचा अर्थ बहुधा असा, की डिस्क उघडायचा ड्रायव्हर डिस्कवरच राहिला आणि इनिटरामएफएस तयार झालेला नाही. घराची किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखे. हाताने कॉपी करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो.

आणि नव्या यंत्रांवर सिक्युअर बूट चालू असेल तर घरी बांधलेल्या कर्नलवर सही नसल्यामुळे ते दारातच अडवले जाते. स्वतःची किल्ली यंत्रात नोंदवून त्या किल्लीने सही करावी, हा योग्य मार्ग.

बांधणी नीट झाली, पण जुन्या आवृत्तीत चालणारे काही नव्यात चालेनासे झाले तर? त्यासाठी ‘गिट बायसेक्ट’ आहे. हजार बदलांपैकी कोणत्या बदलाने बिघडले हे शोधायला हजार वेळा बांधावे लागत नाही. मधले घ्यायचे, चालते का पाहायचे, अर्धे सोडून द्यायचे. हजारचे पाचशे, पाचशेचे अडीचशे.. दहा फेऱ्यांत उत्तर हातात. सातवीच्या मुलालाही हे गणित समजावता येईल.

या सगळ्यांवर एकच पथ्य. जुने, चालणारे कर्नल कधीही काढू नये. नवे रुसले तर ग्रबच्या यादीतून जुने निवडता आले पाहिजे.

आता माझ्या मताविरुद्ध जे म्हणता येईल तेही पाहू. कुणी म्हणेल, "मी माझ्या एकट्याच्या लॅपटॉपवर करतो, मला कशाला गाठोडे?" ठीक आहे. पण दोन वर्षांनंतरचे तुम्ही हेही एक परके गृहस्थच असतात. कुणी म्हणेल, मग बांधावेच कशाला, वितरणाचे वापरावे. दहापैकी नऊ जणांना मीही हेच सांगेन. स्वतः बांधलेल्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. वितरणाच्या माणसांनी ते काम तुमच्यासाठी केले असते, ते आता तुमच्या गळ्यात पडले. पॅकेज केल्याने हे ओझे संपत नाही हेही खरे. पण ते ओझे दुसऱ्याच्या हाती देता येते. नुसत्या कॉपी केलेल्या फाइलीच्या बाबतीत तेही शक्य नसते.

हा विषय आत्ताच का काढला? तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. कार्यालयांतून कितीतरी संगणक असे निघतील ज्यांवर विंडोज ११ बसत नाही. त्यांतले काही आपल्या शाळांना मिळतील, आणि त्यांवर लिनक्स घालून द्यायला आपलीच उत्साही मुले पुढे येतील. चांगलेच आहे. केरळात काईट या सरकारी संस्थेने उबुंटूवर आधारित एकच वितरण शाळांना दिले, त्यामुळे एका शाळेतल्या शिक्षकाला जमलेली युक्ती दुसऱ्या शाळेत चालते. आपल्याकडे प्रत्येक शाळेला भेटेल त्या मुलाचा आधार आहे. तो मुलगा उद्या नोकरीला जाणारच, आणि त्याने जावेही.

म्हणून अशा मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना (तुम्ही हे वाचता, मला माहीत आहे!) माझी विनंती आहे. शाळेत वितरणाचेच कर्नल ठेवा. फारच गरज पडली तर वेगळे बांधा, पण डेब करून घाला. ती डेब आणि कॉन्फिग शाळेच्या कपाटात सीडीवर किंवा पेनड्राईव्हवर ठेवा. आणि एका फुलस्केप कागदावर मराठीत लिहा: कोणत्या यंत्रावर काय घातले, का घातले, आणि काढायचे कसे. तो कागद लॅबच्या भिंतीवर चिकटवा. त्या गावच्या शाळेत भाच्याने लिहिलेला तसा कागद आजही आहे. मध्यंतरी एका यंत्राची डिस्क गेली तेव्हा बाईंनी तो वाचून, आम्हाला फोन न करता, सगळे पुन्हा बसवले.

यावर तुमचे अनुभव असतील तर जरूर लिहा. विशेषतः मी डेबियनबद्दलच बोललो आहे, आर्च आणि जेंटूवाल्या मंडळींचे म्हणणे वेगळे असेल तर तेही ऐकायला आवडेल. आणि नातेवाईक मंडळी, इथपर्यंत आला असाल तर तसे कळवा. पुढचा लेख हुरड्यावर लिहितो!